गॅरेजच्या खड्ड्यातली बाग

१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

अजून विहीण म्हणायचं की नाही, याबद्दल कोर्टाने काही सांगितलेलं नाही. माझ्या लेकीचं आणि तुझ्या लेकाचं जे व्हायचं ते झालं, कागदावर शिक्के बसले. तुझं-माझं नाव त्यात कुठेच नव्हतं, मी विचारून घेतलं. म्हणजे आपण दोघी होतो तिथेच आहोत. नसू, तर तसं कळव. मी तुला दुसरं काहीतरी म्हणेन, पण ते तुला आवडणार नाही.

अक्षर बघून दचकू नकोस. मी काही या वयात लिहायला शिकले नाही. आमच्या वरच्या खोलीत राहतात त्या टायपिस्टबाई लिहून घेताहेत. जन्मभर कोर्टात टाइप केलं त्यांनी. समोरचा बोलेल ते सगळं कागदावर उतरवायचं, ही त्यांची सवय. साक्षीदार शिंकला तर तेसुद्धा. म्हणून मी जरा जपून बोलतेय. विहिणीला अहो-जाहो लिहावं असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, बाई, पाहुण्यांसमोर आम्ही अहो आणि ओट्यापाशी अगं. हे पत्र ओट्यापाशी चाललंय असं समजा.

आता मुद्द्याचं. तो डबा.

लेकीचं उरलेलं सामान तुमच्याकडून टेम्पोने आलं, त्यातलं भांड्यांचं खोकं मी उघडलं. मोठ्या कुकरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात ओलसर काथ्या आणि काथ्यात बिया. काही बोराएवढ्या, काही अक्रोडाएवढ्या, सगळ्या गर काढून घासून ठेवलेल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. अगं, कुकरात डाळ असते, फार तर झुरळ असतं. बिया आपल्या पायांनी येत नाहीत.

मी पुष्कळ विचार केला. चिठ्ठी पाठवली असतीस तर ती वाचून घ्यायला मला लेकीकडेच जावं लागलं असतं, आणि तुझं नाव निघालं की ती भिंतीकडे बघत बसते. बिया कुणाकडून वाचून घ्याव्या लागत नाहीत. हे तुझ्याच डोक्यातून निघू शकतं. तरी खरं सांग, माझ्यासाठी ठेवल्यास की चुकून आल्या? चुकून आल्या असतील तरी परत मिळणार नाहीत.

कारण मी ठरवलंय. आमच्या मागच्या आवारात पामची बाग करायची. अगदी तुझ्या मागच्या अंगणासारखी! तुझ्याकडे दुपारचा चहा घ्यायला बसलो की बशीवर, मांडीवर, तुझ्या पाठीवर सावलीचे पट्टे पडायचे. वारा आला की सगळे पट्टे हलायचे आणि तू म्हणायचीस, चहा सांडला का बघ. मला तसले पट्टे हवेत. घरचे.

आवार तुला आठवतं ना? ह्यांचं गॅरेज होतं तिथे. सगळीकडे कोबा, कोब्यावर तेलाचे डाग, मधोमध गाडीखाली उतरायचा तो लांबट खड्डा. हे गेल्यापासून तिथे गंजलेल्या पत्र्यांशिवाय काही पिकलं नाही. मातीचा कण नाही. म्हणजे बघ, कुठून सुरुवात करायची आहे! मला दोन दिवस झोप नाही.

पाम वर येईपर्यंत तुम्ही असाल का, असं टायपिस्टबाईंनी आत्ता विचारलं. मी म्हटलं, तुम्ही लिहा.

उत्तर टायपिस्टबाईंच्या नावाने, वरच्या खोलीच्या पत्त्यावर पाठव. लेकीला यातलं काही माहीत नाही आणि होणारही नाही. पाकीट आम्ही चारही बाजूंनी डिंकाने चिकटवतोय.

तुझी (ठरेल ते),
विहीण


५ मार्च

विहीणबाई,

तुझं उत्तर आलं. “चुकून नाही.” पहिलंच वाक्य! टायपिस्टबाईंनी ते वाचलं आणि मी टाळी वाजवली, तर खालून लेक ओरडली, आई, डास आहेत का वर? मी म्हटलं, हो, फार.

बाकी तुझं पत्र म्हणजे निव्वळ हुकूम. बिया पाण्यात भिजव, पाणी रोज बदल, बारक्या बिया वरवर पेर, मोठ्या बियांना खोल माती दे, आणि पेरल्यावर उकरून बघू नकोस. बाई, तुझं पत्र येईपर्यंत मी पेरूनसुद्धा मोकळी झाले होते. पण भिजवल्या होत्या हं! तुझं ऐकून नाही, टायपिस्टबाईंना वाटलं म्हणून. त्यांनी हरभऱ्यासारख्या भिजवल्या.

आता माझं ऐक. ह्यांचा चेला आठवतो का? पोरगेला होता तेव्हा ह्यांच्या हाताखाली आला, आता टक्कल पडलंय आणि स्वतःचं गॅरेज आहे. त्याला बोलावलं. तो म्हणाला, “काकू, पाम म्हणजे हॉटेलाबाहेर कुंडीत असतात ते? ते प्लास्टिकचे असतात.” मी म्हटलं, “तू पत्रे उचल.” दोन दिवस पत्रे, नटबोल्ट, फुटके दिवे निघत होते. खड्ड्याच्या तळाशी ह्यांचा हरवलेला चष्मा सापडला. त्याच चष्म्यापायी त्यांनी मला केवढं बोलून घेतलं होतं! मी तो धुऊन त्यांच्या फोटोपुढे ठेवला आहे. बघा म्हणावं आता नीट.

खड्डा तर आयताच मिळाला! माणूस उभा राहील एवढा खोल. तळाला विटांचे तुकडे, मग जाड वाळू, मग पालापाचोळ्याचं खत मिसळलेली माती. काठोकाठ भरला. एका बाजूला बारक्या बिया ओळीने, दुसऱ्या बाजूला मोठ्या. एक मोठी बी उरली, तिला जागा नव्हती. ती ग्रीसच्या जुन्या डब्यात लावली, डब्याच्या बुडाला भोक पाडलं आणि डबा फाटकाजवळ ठेवून दिला. शिवाय टायर आहेत, रोपं मोठी झाली की त्यात लावायला. आणि बसायला काय केलं, सांग. मोटारीची मागची सीट! स्प्रिंगा शाबूत आहेत. दोघी आरामात बसू शकतात. मधे एक जाड मांजरही मावेल.

लेक संध्याकाळी कामावरून आली आणि फाटकातच थांबली. हातांना प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच. तुला ठाऊक आहे, त्यांच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या, घासायच्या, चमकवायच्या. ती म्हणाली, “आई, पिट बुजवलास?”

एवढंच. लहानपणी ती त्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायची आणि बापाला पाने द्यायची. दहाचा दे, बाराचा दे. तिच्या हातात जी सफाई आली ती तिथेच आली, माझ्याकडून नाही. मी म्हटलं, “बुजवला नाही गं, भरला.” तिने सीटवर बसून बघितलं. स्प्रिंग कुरकुरली. मग विचारलं, “काय लावलंस?” “पाम.” “बिया कुठून आणल्यास?” “बाजारातून.” ती हं म्हणाली आणि आत गेली.

उकरून बघू नकोस हा तुझा हुकूम मात्र उशिरा आला. चहा झाला की मी एक बी उकरून बघायची. एका बोराएवढ्या बीला पांढरं शेपूट फुटलं होतं, तेही माझ्या बोटाने मोडलं. टायपिस्टबाईंनी “साक्षीदार गप्प झाला” असं लिहायला घेतलं, मी त्यांना खोडायला लावलं. आता नाही हात लावत. हात पाठीमागे बांधून फिरते, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी.

तुझे दात कसे आहेत? लक्षात ठेव, तू जिथे जाशील, जे चावशील, ते माझ्या लेकीने घडवलेल्या दातांनी चावतेस. कोर्टाला तेही परत मागायचं सुचलं नाही.

हे पत्र टायपिस्टबाई उद्या पोस्टात टाकतील. लेक कामावर जाताना त्यांना स्कूटरवर पोस्टापाशी सोडते. बिचारीला वाटतं, त्या पेन्शनच्या कामाला जातात. कशी युक्ती?

विहीण


११ एप्रिल

विहीणबाई,

आज हसवणार नाही म्हणून बसले होते, पण बघू.

आधी वाईट बातमी. मी खड्ड्यात नळी सोडली आणि शेजारीण बोलायला आली. तुला ठाऊक आहे ती किती बोलते, आणि मी काही मुकी नाही. परत आले तेव्हा पाणी काठाशी डुचमळत होतं. म्हटलं, जिरेल. चार दिवसांनी वास सुटला. चेल्याने पहार खुपसून बघितली आणि कपाळावर हात मारला. “काकू, हा पिट आहे. साहेबांनी तळाला आणि भिंतींना सिमेंट केलंय, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून.” म्हणजे आतलं बाहेरही जात नाही! मी बाग नाही केली गं, टाकी भरली. गंमत म्हणजे वाळू-विटा घालताना त्या तळावर तो स्वतःच उभा होता. मी त्याला तसं म्हटल्यावर तो पहारीकडे बघायला लागला.

सगळी माती उपसली. चेला खाली उतरून छिन्नीने तळ फोडत होता, मी वर बसून ओली माती पिठाच्या चाळणीतून चाळत होते. एकेक बी हातात घेऊन दाबून बघायची. घट्ट असली तर पाटीत, मऊ पडली तर... मोठ्या सगळ्या मऊ पडल्या. बारक्यांतल्या निम्म्या वाचल्या असतील.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी टायपिस्टबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं.

तुझ्या अंगणातले सगळे पाम तोडले? गाडी ठेवायला? आणि हे तू दोन पत्रं झाल्यावर सांगतेस! करवत आली त्या दिवशी खाली पडलेल्या बिया तू वेचल्यास, आणि त्याच ह्या. म्हणजे तुझ्या बागेचं जगात जे काही उरलंय ते माझ्याकडे आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मी शेजारणीशी गप्पा मारत बुडवलं. आमच्याकडे गाड्या गेल्या आणि पाम यायला निघाले. तुमच्याकडे पाम गेले आणि गाडी आली. मी मघापासून यावर हसायचा प्रयत्न करतेय.

पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीवर मी हसणार नाही. बाई, हे नीट लिहा.

तुमच्या बैठकीच्या खोलीत सगळी मंडळी जमली होती, तुझा लेक माझ्या लेकीबद्दल नाही नाही ते बोलला, ती मान वर करून फक्त तुझ्याकडे बघत होती. तू तोंड उघडलं नाहीस. तिचं दुखणं नवऱ्याचं नाही गं, ते केव्हाच गेलं. “त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आई.” आल्यापासून तुझ्याबद्दल ती एवढंच बोललीय. आणि तू मला आता लिहितेस की त्या दिवशी हिरडी सुजली होती, कवळी तोंडात नव्हती, बोळक्या तोंडाने चारचौघांत कशी बोलणार.

विहीणबाई, भाकरी चावायला दात लागतात. “नाही” म्हणायला लागत नाहीत.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण पाम तुझे आणि जागा माझी असं झालंय, आता भांडून जाणार कुठे? तळ फुटलाय, पाणी जातं, वाचलेल्या बिया परत पेरल्यात. वर जुनी ताडपत्री बांधली आहे, ऊन अर्धं येतं. ताडपत्रीला भोकं आहेत, त्यामुळे सीटवर बसलं की अंगावर ठिपके पडतात. पट्टे नाहीत, ठिपके. पण सुरुवात आहे.

विहीण


२० मे

विहीणबाई,

आल्या! आल्या, आल्या, आल्या! बाई, चारदा लिहा.

सकाळी दात न घालताच अंगणात गेले, तर मातीतून हिरव्या सुया! मी वाकले ती वाकलेलीच राहिले, कंबर धरली. चेला म्हणाला गवत असेल. मी म्हटलं, गवत तुझ्या डोक्यावर आधी येईल, हे पाम आहेत. आणि खरंच गं, दुसऱ्या आठवड्यात सुई उलगडली, घडी मोडली, आणि लांबट पान निघालं, मधे कुडत्याच्या घडीसारखी रेघ. तुझ्या अंगणातल्या पिवळ्या देठांच्या पामचीच पोरं! खाल्लेल्या ताटासारखी ओळ आहे, कुठे दाट, कुठे रिकामी. मी त्यांना नावं ठेवलेली नाहीत. ओरडायचं तर सगळ्यांना एकदम ओरडते.

मोठ्यांतली एकही नाही. फाटकाजवळच्या डब्यात तर कोरडं ठक्क. डबा रिकामा करून दुसऱ्या कामाला घेऊ का, असं मनात आलं होतं, राहिलं.

तुझं पत्र टायपिस्टबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्या मधेच थांबल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. कोर्टात असं कधी झालं नाही म्हणाल्या. तू लिहिलंयस, करवत लागली तेव्हा तू गच्चीतून ओरडलीस, गल्ली गोळा झाली, लेकाने हात धरून आत नेलं तरी ओरडत होतीस. झाडं वाचली नाहीत ती नाहीतच, पण आवाज होता हे तुला कळलं. आणि मग रात्रभर एकच, की झाडांसाठी निघाला तो आवाज पोरीसाठी का नाही काढला.

माझ्याकडे बोलून उपयोग नाही. हे ज्याने ऐकायला हवं ते माणूस कारखान्यातलं काम घरी आणून, खाली बसून आत्ता दुसऱ्याच कुणाच्या दातांना पॉलिश करतंय.

ये, असं म्हणायला जीभ नुसती शिवशिवतेय. सीट आहे, ठिपके आहेत, सुया आहेत. पण हे घर लेकीचंही आहे, विहीणबाई. ती तिथून निघून इथे आली ती कुणाचं तोंड बघावं लागू नये म्हणून. मी तुला मागच्या बाजूने आत घेतलं तर ती पुन्हा कुठे जाणार? फाटक तिने उघडायला हवं. आणि तिला सांगायचं कसं, ते मला समजत नाही. मला, जिला सगळं समजतं!

काल ती चहा घेऊन सीटवर बसली होती. खाली वाकून पानाला टिचकी मारली. म्हणाली, “बाजारातल्या बिया चांगल्या निघाल्या.” मी म्हटलं, “हो, दुकानदार ओळखीचा होता.” ती म्हणाली, “हं.” हल्ली ती फार हं म्हणते.

कवळी सैल झाली, बोलताना खडखडते, म्हणून नुसतं मऊ जेवतेस असं लिहिलंयस. दुसरीकडे का नाही जात? बरं, उत्तर देऊ नकोस. कळलं.

विहीण


८ जुलै

विहीणबाई,

अक्षर बदललंय, ते तू पाकिटावरच ओळखलं असशील. तुझ्या मसाल्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ह्याच हाताच्या आहेत. घाबरू नकोस, पुढे वाच. मी सांगतेय, ती लिहितेय, मान खाली घालून.

टायपिस्टबाई जिन्यावर पाय घसरून पडल्या. बाकी ठीक, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. आणि त्याच आठवड्यात, नेमकं त्याच, जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला पाणी गोड लागेना!

मोठी बी उगवली. डब्यातली. पण डब्यात नाही!

सकाळी फाटक उघडायला गेले तर डब्याच्या शेजारी, कोब्याला गेलेल्या तड्यातून, कुणी पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवावा तसं काहीतरी उभं. घड्या घातलेलं, कडक, निळसर, कडेला लाली. मी डबा हलवून बघायला दोन्ही हात घातले, एवढ्यात मागून लेक केवढ्यांदा ओरडली, “आई, हात लावू नकोस!”

मी जागच्या जागी. ती धावत आली, गुडघ्यांवर बसली. म्हणाली, “मोठी बी आधी खाली जाते. दोरीसारखी लांब. मग तिथून रोप दुसरीकडेच वर येतं. बी अजून डब्यात आहे, दोरी भोकातून कोब्याखाली गेलीय. डबा उचललास तर तुटेल. त्यांनीच मला दाखवलं होतं.”

मी म्हटलं, “कुणी?”

ती तड्यातली माती बोटाने झाडायला लागली. मग म्हणाली, “आई, कुकर आधी मी उघडला होता. डबा घेऊन कचऱ्यापर्यंत गेले होते. मग म्हटलं, तुझ्यासाठी असेल. परत ठेवला.”

माझ्या तोंडून शब्द निघेना. मी! मग म्हटलं, आता सगळंच सांगून टाकावं. “अगं, मी तिला पत्रं पाठवतेय. फेब्रुवारीपासून.”

“माहीत आहे.”

“कसं? पाकीट तर चारही बाजूंनी...”

“टायपिस्टबाईंना पोस्टात कोण सोडतं? पाकीट चिकटवलेलं असतं, आई. पत्ता बाहेरून लिहितात. आणि मला वाचता येतं.”

विहीणबाई, हस. मी इतकी वर्षं जगले, पाकिटावर बाहेरून काही लिहिलेलं असतं आणि ते येणारा-जाणारा वाचू शकतो, हे माझ्या मनातच कधी आलं नाही. माझ्यासाठी पाकीट म्हणजे पाकीट. आणि त्या टायपिस्टबाई! गळ्यात पाकीट लटकवून लेकीच्या मागे बसून जायच्या आणि परत येऊन मला सांगायच्या, कुणाला काही कळलं नाही. विचारलं तर म्हणतात, तुम्ही फक्त लिहायला सांगितलं होतं.

पण ऐक, लगेच काही गोड झालं नाही. लेक आत गेली ती बापाची छिन्नी आणि हातोडा घेऊन आली. मला वाटलं, संपलं. तर ती डब्यापासून हातभर लांब बसली आणि कोबा फोडायला लागली. रोपाला मोकळी जागा करायला. एकेक टवका. दात घासतानाही ती इतकं हळू घासत नसेल. आणि टवक्यांच्या मधे बोलायची. “एक शब्द, आई.” ठक. “मी त्यांच्याकडे बघत होते.” ठक. “त्यांनी नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.” ठक.

मी टायपिस्टबाईंना हाक मारली. त्या प्लास्टर सांभाळत खाली आल्या, डाव्या हातात तुझं ते मे महिन्यातलं पत्र. त्यांनी ते सबंध वाचलं, कोर्टात वाचतात तसं, कुठे वर नाही, कुठे खाली नाही. गच्ची, करवत, आवाज, सगळं. हातोडा थांबला होता. मग लेक पाठमोरीच म्हणाली, “कवळी सैल आहे म्हणजे कुठली? खालची की वरची?”

मी म्हटलं, “तिने लिहिलेलं नाही.”

“खालचीच असणार. तिकडची हिरडी आधीपासूनच झिजलेली होती.”

आणि परत ठक.

आता फाटक पुरतं उघडत नाही. आत ढकललं की रोपाला लागतं. मी म्हटलं, रोप दुसरीकडे लावू या, वाटेत अडचण. तर म्हणाली, “रोप कशाला हलवायचं? फाटकाच्या बिजागऱ्या उलट बसवू, बाहेर उघडेल.” चेला रविवारी येतो म्हणालाय. तोवर ती स्कूटर बाहेरच लावते आणि कडेने आत येते.

बारके पाम टायरांत लावले. एक टायर चेल्याने पिवळा रंगवला, मला न विचारता, भयंकर दिसतो. खड्ड्यातली ओळ आता गुडघ्याच्या खाली येते. ताडपत्री परवा काढून टाकली. संध्याकाळचं ऊन तिरकं आलं ना, तेव्हा सीटच्या पुढे, जमिनीवर, माझ्या पायाच्या अंगठ्यावर एक पट्टा पडला. एकच, बारीक. मी लेकीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, हा टायरचा आहे. खोटं बोलते.

माझं झालं. ती म्हणतेय तिला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत आणि त्या ती मला वाचून दाखवणार नाही. आता वाचून घ्यायला मी कुणाकडे जाऊ?

विहीण

*

तुम्हाला काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून नुसतंच लिहिते.

कवळी पोस्टाने पाठवू नका. जुनी घासून उपयोग नाही, नवीन करावी लागेल, आणि हिरडीचं माप कागदावरून घेता येत नाही. तुम्हालाच यावं लागेल. त्या दिवशीचं जे आईला लिहिलंत ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. खडखडलं तरी चालेल. मापाच्या आधी.

रविवारनंतर आलात तर फाटक बाहेर उघडेल. त्याआधी आलात तर अंग चोरून आत या, आणि ढकलू नका. मागे तुमचा पाम आहे.